अंगावर मिठाचे कण: धरमपेठेतल्या एका खाऱ्या टाकीचं प्रकरण

२७ मेच्या रात्री साडेनऊला काकूंचा फोन आला. "दादा, माशांच्या अंगावर परत मीठ चिकटल्यासारखं दिसून राहिलं जी. सगळ्यांच्याच. आणि नवीन वाला काही खाऊन नाही राहिला."

"परत" हा शब्द ऐकला आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. खाऱ्या पाण्यातल्या माशांना होणाऱ्या व्हाइट स्पॉट या रोगात पहिल्या खेपेचे चार-सहा ठिपके सहसा मासा मारत नाहीत. मारतात ते दुसऱ्या खेपेचे.

ही टाकी दोन वर्षांपूर्वी मीच लावून दिली होती. नागपुरात धरमपेठेत पहिल्या मजल्यावरचं काकूंचं घर. टाकी त्यांच्या मुलाची, पण तो सकाळी मिहानला कामावर जातो तो रात्रीच परततो. दिवसभर टाकीकडे लक्ष असतं ते काकूंचं. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेच्या मापानं २५५ लिटर, दगड आणि वाळूची जागा वजा केली तर २१० लिटरच्या आसपास पाणी. खाली पाणी गाळणारी छोटी टाकी म्हणजे सम्प, फेसातून घाण काढणारा स्किमर, उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला चिलर. आत दोन क्लाऊन, एक ब्लू टँग, शेवाळ खाणारी एक ब्लेनी असे चार मासे, दोन क्लीनर कोळंब्या, गोगलगायी आणि मऊ कोरलं. दोन वर्षांत एकही मासा दगावला नव्हता, आणि त्यामुळेच घरातल्या सगळ्यांना, मलाही, थोडं निर्धास्त वाटायला लागलं होतं.

१० मेला तिथे पावडर ब्लू टँग आला. आकाशी अंग, पाठीवर पिवळा पर, काळा चेहरा. हिंदी महासागरातला हा मासा टाकीत सोडला की घरातलं कोणीही पाच मिनिटं टीव्हीकडे बघत नाही. पण व्हाइट स्पॉट सगळ्यात आधी ज्याला पकडतो असा मासा विचाराल तर खाऱ्या टाक्या सांभाळणारे बहुतेक जण याचंच नाव घेतील. सर्जन माशांच्या कुळातला, खवले बारीक, अंगावरचा चिकट थर पातळ, आणि दिवसभर पोहायची सवय. चार फुटांची टाकी त्याला कोंडवाड्यासारखी. त्यात तो मुंबईहून रेल्वेनं आठशेहून जास्त किलोमीटर प्रवास करून मे महिन्यात नागपूरला उतरला होता, थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. एवढ्या तासांत पिशवीतल्या पाण्यात माशाची घाण साठते. पिशवी बंद असते तोवर कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून असा मासा तासभर पिशवीत थेंब थेंब पाणी घालत बसवायचा नसतो. क्षारता जुळलेली असेल तर त्याला लवकर स्वच्छ पाण्यात घ्यायचं असतं, आणि ते पाणी मुख्य टाकीचं असता कामा नये.

इथे तो थेट मुख्य टाकीत गेला. नवा मासा आधी वेगळ्या टबात ठेवायची गोष्ट मी टाकी लावताना एकदा सांगितली होती. एकदाच. त्या घरात टब नाही हे मला दोन वर्षं माहीत होतं आणि मी परत विषय काढला नाही, ही माझी चूक आहे.

१५ मेला मुलानं व्हिडिओ पाठवला: शेपटीकडच्या परावर पाच-सहा पांढरे ठिपके. मी अमरावतीला लग्नात होतो. तिथूनच "वेगळा काढ" एवढं लिहून मोबाईल खिशात टाकला. त्यानं दुकानात विचारलं. तिथून सल्ला मिळाला तो असा: पाणी ३० अंशांपर्यंत तापव, कोरलला न बाधणारी अमुक बाटली घाल, खाणं लसणात भिजवून दे. १९ मेला ठिपके गायब. मुलाचा मेसेज आला, "दादा, औषध लागू पडलं." मी शाबासकीच्या अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळा झालो.

ठिपका म्हणजे काय

या परजीवीचं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. १९५१ साली ब्राऊन यांनी त्याचं वर्णन करून ते नाव दिलं. एका पेशीचा जीव, अंगभर सूक्ष्म केस, आणि त्या केसांच्या जोरावर पोहणारा. त्याचं आयुष्य चार खोल्यांच्या घरासारखं आहे आणि औषधाला त्यातल्या एकाच खोलीत शिरता येतं.

पहिली खोली माशाच्या अंगात. परजीवी कातडीच्या वरच्या थराखाली आणि कल्ल्यांमध्ये शिरतो आणि तीन ते सात दिवस तिथेच खातो. सुरुवातीला तो इतका लहान असतो की दिसत नाही. खाऊन फुगला की मग आपल्याला मिठाचा कण दिसतो. म्हणजे ठिपका दिसला तो रोग लागला त्या दिवशी दिसला असं नाही. तो आपलं पोट भरून निघायच्या बेतात आहे, तेव्हा दिसला. आणि कातडीखाली असल्यामुळे पाण्यात घातलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग तो मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात. काही तास तळाशी सरपटतो, दगडाला, वाळूला, काचेला, गोगलगायीच्या शंखाला चिकटतो आणि स्वतःभोवती कोष बांधतो. या कोषाला टाकीत घालता येईल असं कुठलंही औषध भेदत नाही. आत तो एकाचे दोन, दोनाचे चार असा वाटला जातो, आणि एका कोषातून शेकड्यानं पिल्लं निघू शकतात. कोष कधी फुटेल याचा नेम नाही. बहुतेक तीन दिवसांपासून चार आठवड्यांत फुटतात, पण प्रयोगशाळेत ७२ दिवसांनी फुटलेल्या कोषाचीही नोंद आहे.

पिल्लं पोहत सुटतात तीही बहुधा अंधारात, मासे झोपलेले असताना. त्यांना दिवसा-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि पहिल्या सहा-आठ तासांनंतर त्यांचा जोर ओसरतच जातो. तांबं असो, दुसरं औषध असो, मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना, एवढ्या तासांच्या फटीत. समुद्रात यातली बहुतेक पिल्लं मासा न सापडताच संपतात. २१० लिटरच्या टाकीत माशाला पळायला जागा कुठे?

आता तारखा परत बघा. १५ तारखेचे पाच-सहा ठिपके १९ तारखेला गेले, कारण ते पिकले होते आणि गळून पडले. बाटली नसती घातली तरी ते १९ तारखेलाच गेले असते. सहा ठिपक्यांचे सहा कोष झाले, एकेका कोषातून दोनशे धरा, बाराशे पिल्लं. आठवडाभरानं, २६ तारखेला, ती पाचही माशांच्या अंगावर दिसायला लागली. त्या मधल्या सात दिवसांत टाकी अगदी स्वच्छ, निरोगी दिसत होती. माझ्या बघण्यातल्या जितक्या खाऱ्या टाक्या या रोगानं रिकाम्या झाल्या, त्या सगळ्या अशाच एका आनंदाच्या आठवड्यानंतर झाल्या.

पाणी तापवण्याचा सल्ला गोड्या पाण्यातला. गोल्डफिशच्या व्हाइट स्पॉटचा परजीवी वेगळा आहे, आणि उष्णता वाढवून त्याला आवरता येतं. खाऱ्या पाण्यातल्या या जीवाला ३० अंशांचं काही वाटत नाही. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मात्र कमी विरघळतो, आणि ज्याचे कल्ले आधीच भरलेत त्या माशाची दमछाक आपणच वाढवतो. लसणानं मासा तोंड उघडतो इतकंच. क्लीनर कोळंबी माशाच्या अंगावर चढून सफाई करताना दिसते, पण कातडीखालचा परजीवी ती उपटून काढत नाही.

२७ मेची रात्र

मी पोचलो तेव्हा दहा वाजले होते, नवतपा सुरू होऊन दोन दिवस झालेले, कूलर घरघरत होता आणि तरी खोली तापलेली. टाकीचा दिवा बंद करायला सांगितला आणि बाजूनं टॉर्च धरला. समोरून उजेड पडला तर अर्धे ठिपके दिसतच नाहीत. कडेनं, अंगाला घासून जाईल असा टॉर्च धरला की एकेक कण उठून दिसतो.

क्लाऊनच्या परांवर दहा-बारा. ब्लू टँगच्या कुशीवर मोजता मोजता मी चाळीसला थांबलो. पावडर ब्लू पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड देऊन उभा होता, रंग उतरलेला. त्याचा श्वास मोजला. कल्ल्याचं झाकण एकदा उघडून मिटलं की एक, अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायची. क्लाऊनचा आला ८८. याचा १५६.

झोतात तोंड देणं आणि धाप, यामुळे माझ्या पोटात गोळा आला. ही मरीन व्हेल्व्हेटचीही लक्षणं आहेत. तो अमायलूडिनियम नावाचा दुसरा परजीवी, मुख्यतः कल्ल्यांवर बसणारा, आणि तो ठिपके नीट दिसायच्या आत मासे नेतो. दोन्हींत फरक ओळखायचा तर स्वयंपाकघरातलं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. व्हाइट स्पॉट मिठासारखा: कण वेगवेगळे, मोजता येतील असे. व्हेल्व्हेट हळदीची पूड उधळल्यासारखा: कण इतके बारीक की मोजणं शक्यच नाही, आणि कडेच्या उजेडात सोनेरी झाक. तिसरा ब्रुकलिनेला, क्लाऊनवर जास्त दिसणारा. त्यात ठिपक्यांपेक्षा अंगावरून साय सुटल्यासारखे पांढरट पापुद्रे निघतात. इथे मिठाचेच कण होते. पण मिठाखाली हळदही असू शकते, आणि उपाय सारखे नाहीत. म्हणून रात्री फक्त हवेचे बुडबुडे सोडणारे एअरस्टोन वाढवले, पाणी हळूहळू २७ वर आणायला चिलर लावला आणि खात्री सकाळवर ठेवली.

सकाळी पावडर ब्लू तळाशी पडला होता. काकूंनी त्याला वाटीत काढून ठेवलं होतं, वर ओला रुमाल. "रात्री दोनपर्यंत पाहिलं मी. तेव्हा होता जी."

त्यांच्या भाचीचं शिक्षण इथल्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात चालू आहे. समुद्रापासून इतक्या लांबच्या या शहरात राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे हे खाऱ्या टाक्या ठेवणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. ती आपला छोटा सूक्ष्मदर्शक घेऊन आली. कल्ल्याची एक कमान कात्रीनं कापून टाकीच्याच खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवली, वर काचपट्टी. शंभरपट मोठं करून बघितलं तर गडद, गोल, दाणेदार गोळे दिसले, आणि ते फिरत होते. जात्याच्या पाळीसारखे, संथ, जागच्या जागी. एका कमानीत नऊ.

ते फिरणं बघून मला हायसं वाटलं. व्हेल्व्हेटचा परजीवी कल्ल्याला मुळ्या रोवून बसतो, नासपतीच्या आकाराचा, आणि हलत नाही. फिरणारा, अंगावर केस असलेला गोळा म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. न हलणारा एकही दिसला नाही. मेलेल्या माशाची अशी तपासणी तासा-दोन तासांतच करावी लागते, नंतर परजीवी निघून जातात आणि मागे काहीच सापडत नाही. काकूंनी तो मासा फेकला नाही, ओला ठेवला, म्हणून हे कळलं.

मोरचुदाची पुडी

दुपारपर्यंत घरात चार जण चार मतं घेऊन बसले होते. त्यात काटोलकडे संत्र्याची बाग असलेले काकूंचे भाऊ होते. त्यांनी खिशातून मोरचुदाची पुडी काढली. "डिंक्यावर आम्ही झाडाले हेच लावतो नं बाप्पा. तांबंच पाहिजे नं तुम्हाले? टाका चिमूटभर."

मामांचं मूळ चूक नव्हतं. खाऱ्या माशांच्या परजीवींवर तांबं हे जुनं आणि खात्रीचं औषध आहे, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचंच लवण. पण मी त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला. साधं, मोकळं तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवायचं असतं. खाली गेलं की परजीवी जगतो, फार वर गेलं की मासा मरतो. शंभर लिटरला ०.१५ म्हणजे १५ मिलिग्रॅम तांबं. मोरचुदात वजनाच्या पाव हिस्सा तांबं, म्हणजे सगळे मिळून ६० मिलिग्रॅम खडे. मी नखाच्या टोकावर मावतील एवढे निळे कण काढून दाखवले. चिमूट म्हणजे याच्या कितीतरी पट. झाडांना लावायच्या बोर्डो पेस्टमध्ये दहा लिटर पाण्याला एक किलो मोरचूद पडतो. त्या हिशोबाच्या हाताला हे प्रमाण पटणं कठीणच. शिवाय शेतीच्या मोरचुदात बाकी काय मिसळलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं. आणि सगळ्यात मोठी अडचण, तांबं रोज मोजावं लागतं आणि नागपुरात त्या दिवशी कोणाकडेही भरवशाचं टेस्ट किट नव्हतं. मुंबईहून यायला चार-पाच दिवस. न मोजता तांबं वापरायचं असेल तर न वापरलेलं बरं, यावर माझं मत पक्कं आहे.

मुख्य टाकीत तर तांब्याचा विचारच नको. कोळंब्या, गोगलगायी, कोरलं मरतात, आणि चुनखडीचे दगड-वाळू तांबं शोषून घेतात.

दुसरा मार्ग क्षारता उतरवण्याचा. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून १.००९ वर आणून महिनाभर धरायचं. मासे ते सोसतात, परजीवी बहुधा सोसत नाही. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घरात होता. पण मेमध्ये, कूलरच्या कोरड्या झोतात, नागपूरच्या उघड्या टबातून रोज किती पाणी उडतं ते मला ठाऊक आहे. पाणी उडालं की क्षारता चढते, आणि ती थोडी जरी चढली तरी परजीवीला जीवदान. महिनाभर दिवसातून तीनदा मोजणारं माणूस हवं. कमी क्षारतेला दाद न देणारे वाणही आढळले आहेत. तोही मार्ग सोडला.

राहिलं टाकी बदलणं. यात औषध अजिबात नाही. मासे तीन-तीन दिवसांनी कोऱ्या, कोरड्या टबात, नव्या पाण्यात हलवायचे. मासा सोडलेला परजीवी मागच्या टबात कोष करतो, तो कोष फुटायच्या आत मासे पुढे गेलेले असतात, आणि तो टब आपण वाळवून मारतो. नवं पिल्लू माशाला भेटतच नाही, आणि अंगातले जुने आठवडाभरात आपणहून गळतात. चार वेळा हलवलं, बारा दिवस झाले, की मासा मोकळा. व्हेल्व्हेटवर हे चालत नाही, म्हणूनच सकाळचा सूक्ष्मदर्शक इतका मोलाचा ठरला.

बारा दिवस

इतवारीतून ६० लिटरचे दोन प्लास्टिक टब आणले. प्रत्येकाला स्वतंत्र एअरस्टोन, स्वतंत्र नळी, लपायला पीव्हीसीचे कोपरे. एकातली वस्तू दुसऱ्यात नाही. पाच वेळा ६० लिटर, म्हणजे ३०० लिटर पाणी, त्याला अकरा किलोच्या आसपास मीठ. आरओचं पाणी आदल्या दिवशी पिंपात मीठ घालून पॉवरहेडनं ढवळत ठेवायचं, क्षारता आणि तापमान जुळवून घ्यायचं. टब मागच्या खोलीत, कारण मुख्य टाकीचे तुषारही इकडे यायला नकोत.

२९ मेला सकाळी सातला चार मासे पहिल्या टबात गेले. टँगला जाळीनं पकडायचं नसतं. शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा असतो, सर्जन मासा हे नाव त्यावरूनच पडलं, आणि तो जाळीत अडकला की मासा फाटतो. मोठ्या डब्यानं पकडून प्लास्टिकच्या चाळणीत ओतायचा, पाणी गाळून जाऊ द्यायचं आणि मासा तेवढा पुढे न्यायचा. पुढच्या तारखा १, ४, ७ आणि १० जून. बहात्तर तास ओलांडायचे नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी सकाळी सात. काकूंनी त्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिल्या.

पहिला घोटाळा ३० तारखेच्या संध्याकाळी. अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम. काकूंनी "आजारी आहेत बिचारे" म्हणून तीनदा खाऊ घातलं होतं. टबात दगड नाहीत, वाळू नाही, घाण पचवणारे जिवाणू नाहीत, आणि खाऱ्या पाण्याच्या ८.२ पीएचला अमोनियाचा विषारी वाटा गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. तीस लिटर पाणी काढून तेवढंच तयार पाणी भरलं. त्यानंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि उरलेलं लगेच शोषून काढायचं. काकूंना हे जड गेलं, पण त्यांनी ते पाळलं.

नवतप्याचा मात्र इथे उपयोग झाला. रिकामा केलेला टब गच्चीवर पालथा नाही, उताणा ठेवायचा. पारा ४५ च्या आसपास, सिमेंटवर पाय ठेववत नव्हता. तासाभरात टब खडखडीत कोरडा आणि दिवसभरात चटका लागेल असा. कोष वाळला की संपला. आत खोलीत तेच ऊन वैरी होतं. वीज गेली त्या दुपारी टबाचं पाणी ३२ वर गेलं, तेव्हा बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या टबात तरंगवून आणि हातपंख्यानं पाण्यावर वारा घालून काकूंनी ते दीड तास काढले.

४ जूनला ब्लू टँगच्या अंगावर एकही कण नव्हता. मुलानं विचारलं, "आता बस्स नं दादा?" मी त्याला १९ मेचा त्याचाच मेसेज उघडून दाखवला. तो काही बोलला नाही, पण पुढच्या दोन्ही बदल्यांना सकाळी सहापासून उठून बसला होता.

६ जूनला ब्लेनी गेली. परजीवीनं नाही, उपासानं. हा मासा दगडावरचं शेवाळ खरवडून जगतो आणि कोऱ्या टबात खरवडायला काहीच नसतं. नोरीचा, म्हणजे सुक्या समुद्री शेवाळाचा, तुकडा चिमट्याला लावला होता, तिनं तोंड लावलं नाही. टाकीतला शेवाळलेला दगड देता येत नव्हता, कारण त्यावरच कोष असणार. आधीपासून वेगळ्या बाटलीत, स्वच्छ खाऱ्या पाण्यात, उन्हात चार दगड शेवाळायला ठेवले असते तर ती वाचली असती असं मला आजही वाटतं. तेव्हापासून माझ्या गच्चीवर तशी एक बरणी कायम असते.

७ तारखेला मृग लागला आणि पहाटेच सर आली. गच्चीवरचा टब पाण्यानं भरलेला. सातला मासे हलवायचे आणि कोरडा टब नाही. मुलगा तसाच ओळखीच्या दुकानदाराला झोपेतून उठवून तिसरा, कोरा टब घेऊन आला. सात वाजून दहा मिनिटांनी तीन मासे त्यात होते.

रिकामी टाकी

१० जूनला तिघं मासे एका साध्या दोन फुटी टाकीत गेले, निरीक्षणासाठी. टाकी बदलल्यानं चपट्या कृमींचा बंदोबस्त होत नाही, म्हणून ब्लू टँगला तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं. कृमी असत्या तर त्या पांढऱ्या होऊन तळाशी पडल्या असत्या. काळ्या भांड्याच्या तळाशी काहीच पडलं नाही. त्यावर प्राझिक्वांटेल घालायचा आग्रह मी धरला नाही. जो रोग दिसत नाही त्याचं औषध त्या थकलेल्या माशाला कशाला?

मुख्य टाकी २९ मेपासून माशाविना होती. ७२ दिवसांची नोंद धरून वर चार, म्हणजे ७६ दिवस: १३ ऑगस्ट. उबदार पाण्यात कोष लवकर फुटतात, त्यामुळे ४५ दिवसांत मासे परत सोडणारेही आहेत, आणि त्यांचं बऱ्याचदा निभावतं. मी थांबायचं ठरवलं. यातून वाचलेल्या माशांना काही महिने बरीच प्रतिकारशक्ती येते. त्यांच्या अंगावर ठिपका न दिसताही परजीवी टाकीत नांदत राहू शकतो आणि पुढचा नवा मासा आला की उसळतो. हे मला नको होतं.

दिवे, पॉवरहेड, स्किमर रोजच्यासारखे चालू. कोळंब्यांना दोन दिवसांनी चिमूटभर. जुलैत मुलानं एका छोट्या कोरलच्या तुकड्याबद्दल विचारलं, स्वस्तात मिळत होता. पण तो माशांच्या टाकीतून येणार होता, आणि त्याच्या बुडाला एक कोष असला तरी ७६ दिवस पुन्हा पहिल्यापासून. तुकडा दुकानातच राहिला.

जुलैच्याच एका रात्री काकूंचा घाबरलेला फोन: "काचेवर पांढरे पांढरे किडे वळवळून राहिले जी. हेच का ते?" मी जाऊन बघितलं. टॉर्चच्या उजेडात काचभर टिंबं उड्या मारत होती, कोपेपॉड नावाचे बारीक, निरुपद्रवी जीव. खाणारे मासे नसल्यामुळे माजलेले. परजीवीचं पोहणारं पिल्लू नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. हे दिसणारे जीव टँग आणि क्लाऊनचं खाद्य होते. काकूंनी त्या रात्री बराच वेळ टॉर्च धरून ते बघितले.

१३ ऑगस्टला संध्याकाळी दिवे मंद करून तिन्ही मासे परत सोडले. क्लाऊनची जोडी थेट आपल्या जुन्या लेदर कोरलकडे गेली. ब्लू टँग दगडाच्या फटीत आडवा पडून राहिला, त्याची ती सवयच आहे, आणि सकाळी नोरी खायला बाहेर आला. पुढचे सहा आठवडे काकूंनी रोज रात्री कडेनं टॉर्च धरून बघितलं आणि श्वास मोजून वहीत लिहिला. क्लाऊन ८० ते ९०, टँग त्याच्या जवळपास. कण एकही नाही.

ते तिन्ही टब मागच्या खोलीत आहेत. ब्लेनीच्या जागी नवी ब्लेनी दसऱ्यानंतर आली. तिनं आधी बारा दिवस त्या टबांत काढले, माझ्या बरणीतल्या शेवाळलेल्या दगडांसकट, प्रत्येक बदलीला नवा दगड. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटाजवळ दोन कण दिसले होते. सातव्या दिवशी नव्हते. तरी बाराही दिवस पुरे केले.